राक्षसाची शिलाई

मस्कत

माय,

तुला आणि तुझ्या शिलाई मशीनला माझा नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. काल सुट्टी होती, म्हणून खोलीतल्या मैत्रिणींना आपल्या आवडीचा एक टुकार राक्षसपट दाखवला. राक्षस तळ्यातून बाहेर आला आणि माझ्या तोंडून तुझंच वाक्य निघालं, "देख, काखमा उसवेल शे!" सगळ्या हसून लोळल्या.

लहानपणी मी घाबरून तुझ्या पदरात तोंड लपवायचे. तू मला हसत बाहेर ओढायचीस आणि राक्षसाच्या पोशाखाची शिलाई बघायला लावायचीस. तुझ्या त्या युक्तीचे फार उपकार आहेत गं माझ्यावर.

अमळनेरला थंडी पडली का? ललितदादा तुला चष्म्याचा नंबर काढायला घेऊन गेला का?

आणखी एक सांगायचंय. फोनवर तू रडली असतीस, म्हणून लिहिते. माझ्या मानेवर बारीक गाठ आली आहे. हे पत्र तुला मिळेल तोवर डॉक्टरांनी ती काढलेली असेल. साधीच आहे म्हणतात.

टाक्यांचा फोटो दादाच्या मोबाइलवर पाठवीन. नवा चष्मा लावून बघ आणि शिलाई कशी झालीय ते मला सांग.

तुझी,
डिंपल