सातवी खाट

१२ मार्च १९९६, मंगळवार. जामखेड.

डोकं फिरलंय नुसतं. शाळेतून आलो तर मेडिक्लेमचा एजंट ओट्यावर बसलेला. सुमनच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा क्लेम नामंजूर. का? तर आमच्या डॉक्टरांचं हॉस्पिटल हे म्हणे हॉस्पिटलच नाही!

"नोंदणी नाही सर. मग निदान दहा खाटा तरी लागतात. त्यांच्याकडे सहाच आहेत. पॉलिसीत लिहिलंय तसं."

लिहिलं असेल, बारीक इंग्रजीत. मी वाचलं का नाही? पण हप्ता घेताना हाच म्हणाला होता, "बिनधास्त राहा सर, ऑपरेशन झालं की खर्च कंपनीचा." तेव्हा खाटांबद्दल चकार शब्द नाही.

त्या रात्री सुमन पोट धरून कळवळत होती. डॉक्टर म्हणाले, नगरला पोचेपर्यंत अपेंडिक्स फुटेल. डॉक्टरांच्या सहाही खाटा भरलेल्या, म्हणून मी घरची बाज डोक्यावरून नेली. ती धरली तर सात होतात, असं एजंटला सांगितलं. तर हसला! वर म्हणतो, "पुढच्या वेळी सरळ नगरलाच न्या."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुमननं चहा आणून त्याच्यापुढं ठेवला आणि मला म्हणाली, "आवो, पुन्हा माझं पोट दुखलं तर आदी खाटा मोजून या. तवर मी दम धरते."

एजंट चहा न पिताच उठला.

बाज अजून डॉक्टरांकडेच आहे. उद्या आणणार होतो. नको. राहू दे तिथंच.