आठ जणांचं गप्प बसणं

प्रिय मर्ल मावशी,

नेव्हिलचा नमस्कार. देवाच्या कृपेनं तुझा गुडघा आता बरा असेल. (नसेल, तर त्याचा राग माझ्यावर काढू नकोस, त्यासाठी या पत्रात दुसरी कारणं आहेत.)

गेल्या मंगळवारी सकाळी मी तुझ्याकडे आलो, नळाचा वायसर बदलला, निखाऱ्यात भाजलेला डॅम्पर पाव पाकात बुडवून खाल्ला आणि गेलो. तुला वाटलं असेल, पोरगं गुणी आहे. मावशी, मी नळासाठी आलोच नव्हतो. माझ्या शर्टाच्या आत आपल्या बर्निसच्या पोरीचा, टालियाचा प्रबंध होता, आणि खाताना तो पोटाला टोचत होता. आमच्या कॉलेजात आपल्या अ‍ॅबोरिजिनल संस्थांवर पोरं अभ्यास करून लिहितात, मी तपासतो, आणि ग्रंथालयात ठेवण्याआधी ते त्या संस्थेच्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवायचं, असा नियम आहे (तो तूच भांडून करून घेतलास). टालियानं नेमकी तू अध्यक्ष आहेस तीच संस्था घेतली. दुसऱ्या कुणाला तपासायला द्या म्हटलं, तर प्राचार्यबाई म्हणाल्या, तुमच्या नात्यात नसलेला माणूस सुचवा. गावात असा एकटा पेट्रोल पंपवाला होता. त्यानं मागच्या वर्षी आपल्या डोरीनशी लग्न केलं.

अकराव्या पानावर ती सभा आहे. तू म्हणालीस, जुनी बस विकून टाकू. आठही सभासद गप्प बसले. इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ असं लिहिलं गेलं. टालिया लिहिते की सिडनीच्या माणसाला हा होकार वाटेल. पण आमच्यात थोरांना तोंडावर नाही म्हणत नाहीत, गप्प बसतात. तेव्हा हे आठ नकार आहेत, आणि ते अध्यक्षबाईंना कळत नसतील असं नाही, कारण आठांतल्या सहा जणांना त्यांनीच वाढवलं. (‘आठांत एक जण माझे शिक्षक आहेत,’ असं तिच्या तळटीपेत आहे. ते सभाभर छताच्या पंख्याकडे बघत होते, हेही आहे.)

तेवढं पान गाळ, असं मी तिला सुचवलं. (कारण दिलं, भाषा जरा सैल आहे.)

“मामा, दिसलं ते लिही, असं तूच शिकवतोस,” ती म्हणाली. “मग काय लिहू? मामा खूप बोलला म्हणून?”

पान ठेवलं तर तू दुखावशील. गाळलं तर पोरीचं वर्ष जाईल, कारण त्या पानाशिवाय उरतात मुखपृष्ठ आणि आभार. लिहायला मी मिशनच्या शाळेत शिकलो आणि गप्प बसायला तुझ्या स्वयंपाकघरात. दोन्हींची परीक्षा एकाच आठवड्यात येईल असं वाटलं नव्हतं. रविवारी चर्चमध्ये देवाकडे मधला मार्ग मागितला. पाद्रीसाहेबांनी नेमका उतारा वाचला, तुमचं ‘हो’ ते हो असावं आणि ‘नाही’ ते नाही. मी पुन्हा पंख्याकडे बघितलं. (चर्चमध्ये पंखा नाही.)

तुझाच,
नेव्हिल

ता. क. शनिवारी टालिया स्वतः येऊन सगळं वाचून दाखवेल. पूर्ण ऐकून घे, मग बोल. तू बोलशील ते तुझ्याच शब्दांत शेवटी जोडलं जाईल.

आणखी एक. मावशी, बस विकू नकोस. रूबेनकाकांना डायलिसिसला तीच नेते, आणि आपल्या सगळ्यांना मयताला. हे माझं ‘नाही’. उरलेल्या सात जणांचं तू त्यांना विचार.

शेवटचं. टालियाला पहिला वर्ग दिला. गुण आज सकाळी ऑफिसात पोचवून आलो. अकरावं पान तळटीपेसकट जसंच्या तसं आहे.