रॅक गळते, मी शांत आहे

२० एप्रिल, रविवार. सकाळ.

आजपासून राग बंद. कायमचा. तसा मी मुळात शांतच आहे, पण लोकांचा गैरसमज काढायला काहीतरी जाहीर करावं लागतं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. बहिणीला, कोकिळाला, सासरहून आणायला सोनगीरला मी स्वतः मुऱ्हाळी म्हणून जाणार. लेक आखाजीला माहेरी आली नाही तर आईचा सणच होत नाही. गेल्या आखाजीला पत्ते खेळताना जावयाने, म्हणजे पितांबरने, पान लपवलं. मी फक्त त्याच्या गालावर हात ठेवला. दात पडला. चांगला दात असा पडत नाही, आधीच हलत असणार. तेव्हापासून त्याने कोकिळाला आमच्याकडे नशिराबादला पाठवलेलं नाही. यंदा तिने त्याला शब्द दिलाय की भाऊ बदलला. तो तयार झाला, पण पुन्हा काही घडलं तर माहेर विसरायचं, असंही म्हणाला. मला त्यात अडचण दिसत नाही.

आईने कोकिळासाठी आत्ताच निंबाच्या झाडाला झोका बांधून घेतला.

अंगणात गाडीखाली लाल ओल. कुत्र्याचं काम. एक वीट ठेवली त्याच्या पाठीवर.

२१ एप्रिल, सोमवार.

कुत्र्याचं काम नव्हतं. (कुत्र्यांनी तरी गाडीखाली बसावं कशाला?)

जळगावला रतिलालच्या गॅरेजमध्ये गेलो. त्याने खाली वाकून पाहिलं आणि पॉवर स्टिअरिंगची रॅक, म्हणजे चाकं वळवणारा दांडा, गळते म्हणाला. आतली सील गेलीत, दोन्ही बाजूंचे रबरी बूट ऑइलने भरलेत. रॅक काढायची, सील बदलायची, गाडी सोडून जा. कधी मिळेल विचारलं तर आखाजीनंतर. आखाजीला तो गॅरेज बंद करून पत्ते खेळायला गावी जातो. मी अत्यंत सौम्यपणे चहाचा ग्लास त्याच्या टेबलावर ठेवला. फुटला. हल्ली ग्लास पातळ येतात. त्याने हातातला पाना माझ्या दिशेने फेकला. माणसाला स्वतःवर ताबा नको का? गाडी घेऊन परत आलो.

ऑइल टाकत टाकत सोनगीर होऊन जाईल. वरून ओतायचं, खालून जाऊ द्यायचं.

२३ एप्रिल, बुधवार.

स्वतःच करणार. मोबाईलवर बघितलं, अजिबात अवघड नाही. नळ गळतो तेव्हा लावतात तो मसाला आणला. गाडीखाली आडवा पडलो, बूट पुसला, मसाला थापला. वरून क्लिप आवळली. क्लिप बसेना. हातोडी ठेवली तिच्यावर. क्लिप तुटली, बूट फाटला, वाटीभर लाल ऑइल डोळ्यांत गेलं. मग हातोडी आणखी कुठेकुठे ठेवली ते दिसत नसल्यामुळे लिहिता येत नाही. डावा अंगठा काळा पडलाय.

बायकोने, दिपमालाने, डोळे धुऊन दिले आणि हातोडी कोठीत कुलपात टाकली. म्हणाली, एसटीने जा. बायकांना मुऱ्हाळपण कळत नाही. याच गाडीतून आमचे वडील, नाना, कोकिळाला सासरी सोडायला गेले होते. नाना गेले, गाडी आहे. ती याच गाडीतून माहेरी येणार. हे मी गेल्याच वर्षी सगळ्यांसमोर बोलून बसलोय.

२५ एप्रिल, शुक्रवार.

स्टिअरिंग वळवताना रेड्यासारखं हंबरतं. लोक बाजूला होतात, हॉर्नची गरज नाही. याला मी फायदाच म्हणेन.

बाजारात वळताना एकदम जड झालं आणि गाडी केळीच्या हातगाडीवर गेली. केळी रस्ताभर. हातगाडीवाला माझ्या आईवरून बोलला. मी त्याच्या वडिलांवरून बोललो. मग मी त्याची कॉलर धरली. कॉलर धरणं म्हणजे मारणं नव्हे. त्याने मात्र अख्खा घड माझ्या डोक्यात घातला. नीट पिकलेला होता म्हणून बरं. राग आला नाही. नुसता त्याचा तराजू उचलला आणि गटारीत ठेवला.

दिपमाला केसांतून केळं काढताना काहीच बोलली नाही. तिला पटलंय बहुतेक.

२७ एप्रिल, रविवार.

कोकिळाचा फोन. बॅग भरून ठेवली म्हणाली. आईसाठी लुगडं घेतलंय. मग आवाज बारीक करून विचारलं, भाऊ, राग येतो का रे अजून? मी म्हटलं, तो विषय संपला. ती हसली. तिचं हसणं वर्षाने ऐकलं.

तेवढ्यात मागून पितांबर म्हणाला की गाडी पोचेल का ते विचार. फोन टेबलावर ठेवला. काच तडकली.

२९ एप्रिल, मंगळवार. सोनगीर.

जे झालं ते गाडीने केलं. आधीच लिहून ठेवतो.

सकाळी निघालो. आईने सांजोऱ्यांचा डबा दिला आणि कोकिळाच्या सासूसाठी घाण्याच्या शेंगदाणा तेलाची कॅन. एरंडोलपर्यंत जवळचं सगळं ऑइल संपलं. दुकानात योग्य ते ऑइल नव्हतं. माझं डोकं मात्र शाबूत होतं. तेल ते तेल. कॅन उघडून शेंगदाण्याचं ओतलं. स्टिअरिंग लोण्यासारखं फिरलं. तेल खाली गरम सायलेन्सरवर गळत होतं, त्यामुळे पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत भजी तळल्याचा वास. एक ट्रकवाला शेजारून हात करून विचारून गेला, कुठे मिळतात.

सोनगीरच्या गल्लीत शेवटचं वळण. कॅन रिकामी. स्टिअरिंग दगड झालं. दोन्ही हातांनी लटकलो तरी हलेना. गाडी पितांबरच्या ओट्यात घुसली, ओट्याची एक फरशी निखळली. गल्ली गोळा झाली. कोणी म्हणे डावीकडे काप, कोणी म्हणे उजवीकडे. एक म्हातारा म्हणाला, याच्यापेक्षा बैल बरा.

मी उतरलो. डिकीतून चाक खोलायचा लोखंडी टॉमी काढला. बोनेटवर ठेवला. दिव्यांवर ठेवला. पुढच्या काचेवर ठेवला, ती एका ठोक्यात जाईना म्हणून पुन्हा पुन्हा ठेवला. दार लाथेने निखळवलं. नानांची गाडी आहे हे मध्येच आठवलं आणि त्याचाही राग आला. शेवटी मोडलेल्या आरशावर पाय देऊन उभा राहिलो तेव्हा गल्ली चार पावलं मागे सरकली होती.

दारात कोकिळा उभी. नवी साडी, हातात बॅग. मागे पितांबर.

मी टॉमी खाली टाकला. म्हटलं, काही नाही गं, मी फक्त ठेवला.

ती म्हणाली, "भाऊ, तू ठेवस नही. तू मारस."

तिने पितांबरकडे पाहिलं. "मी यासले सांगेल व्हतं, मन्हा भाऊ बदली गया. आते काय सांगू?"

पितांबरने तिच्या हातातली बॅग घेतली. वाटलं, आत नेऊन ठेवणार. माहेर संपलं. पण तो तिला म्हणाला, चल, एसटीत बसवून देतो, आई वाट पाहत असेल. कोकिळाने गाडीतला सांजोऱ्यांचा डबा सासूला दिला. मी मागोमाग निघालो तर वळून म्हणाली, "तू आठेच ऱ्हाय. सण करी मंग ये."

मी आठेच राहिलो. ओट्यावर. कोकिळाने जाताना माझ्यासाठी पाणी सांगितलं नव्हतं, सासूने आपणहून दिलं. स्टीलचा तांब्या होता. नीट दोन्ही हातांनी खाली ठेवला.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी.

धुळ्याचा मिस्त्री येऊन पाहून गेला. शेंगदाणा तेलाने आतलं रबर फुगलं, रॅक पूर्ण बाद, म्हणाला. आणि रॅक बदलली तरी बाकीच्या गाडीचं काय करायचं, असं विचारून हसला. मी पण हसलो. जमतं.

आईचा फोन आला. मला वाटलं रडेल. "कोकिळा उनी. झोकावर बठेल शे," म्हणाली. मागून दिपमालाचं आणि तिचं हसणं ऐकू येत होतं. मी म्हटलं, मी उद्या सकाळीच निघतो. आई म्हणाली, "घाई करू नको. घर कसं शांत शे. तू सावकाश ये."

सावकाश म्हणजे रस्त्याच्या दृष्टीने म्हणाली असेल. हायवेवर वाहतूक फार.

सणाच्या दिवशी पाहुण्याला काढून देत नाहीत. जेवायला वाढलं, पुरणपोळी, आमरस. दुपारी ओट्यावर पत्ते बसले. मीही सरकून बसलो, कुणी नको म्हणालं नाही. पितांबरने पिसले, वाटायला घेतले. माझी पानं तो लांबूनच सरकवत होता. मी पानं उचलायला हात पुढे केला तेव्हा त्याने एक हात तोंडासमोर धरला.

सवय असेल.