एझेलला येत होतं तेवढंच

मिसिसिपी, सप्टेंबर १९६५

लुव्हिनिया,

तुला पत्रं शेजारीण वाचून दाखवते, म्हणून हे पोस्टात टाकणार नाही. तिच्या कानी जायला नको.

एझेलला पुरलं त्या दिवशी तू म्हणालीस, "तुझ्या वाचनाच्या खुळापायी माझा भाऊ गेला." मतदार यादीत नाव घालायला मीच त्याला कचेरीत नेलं होतं. भिंतीला चिकटवलेल्या जुन्या पेपरांवरून मी वाचायला शिकले, त्यालाही सही शिकवली. कारकुनाने घटनेतलं कलम समजावून सांगायला लावलं आणि दोघांनाही नापास केलं. गोऱ्यांना असलं काही विचारत नसत. वर अर्ज करणाऱ्यांची नावं छापायच्या नियमाप्रमाणे आमची नावं दोन आठवडे पेपरात छापली. कापसाच्या जिनिंगच्या गोऱ्या मालकाने ती वाचली आणि एझेलला कामावरून काढलं. मग तो लांब लाकूडतोडीला गेला आणि पडत्या झाडाखाली सापडून गेला.

आता मतदानाचा नवा कायदा झालाय. काल यादी करायला वॉशिंग्टनहून आलेल्या सरकारी माणसाने नाव विचारलं, पत्ता विचारला, सही घेतली. मी कलम पाठ करून गेले होते.

"कलम कधी विचारणार?"

"झालं की, बाई. नाव लागलं. आता निवडणुकीत मत द्यायला या."

रांगेत मागे असलेली पर्ली म्हणाली, "ऊठ गं, आता काय जेवूनच जाणार?"

मला उठवेना. नाव, पत्ता, सही. लुव्हिनिया, एवढं एझेलला येत होतं.

तुझी भावजय,
ऑर्डेला