कव्हरवरची तीन नावं

प्रिय उमा,

आपली सीडी पुन्हा निघतेय, या वेळी चांगली मोठी रेकॉर्ड म्हणून. शिकागोची एक छोटी कंपनी काढणार आहे. डेलनं सोमवारी फोन करून पक्कं सांगितलं. आपला हा ड्रमर आता ओहायोत शाळेची बस चालवतो आणि अजूनही फोनवर बोलताना टेबल बडवतो.

इथे हॅलिफॅक्सला काल दोनदा ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केला. मग आत येऊन लेकीला, कृतिकाला, आपली गाणी ऐकवली. “बाबा, हू इज शी? शी इज वे बेटर दॅन यू,” म्हणाली. तिनं कव्हर उलटून पालटून पाहिलं. त्यावर तीनच नावं : डेल, केविन आणि मी.

अकरा महिने चालला आपला बँड. नऊ कार्यक्रम, त्यातले पाच बोलिंग ॲलीत. केविनच्या बेसमेंटमध्ये कपड्यांचा ड्रायर सुरू झाला की आपण थांबायचो. डेलला ठेका जमेना, तेव्हा तू त्या दोघा धटिंगणांना ड्रमभोवती भोंडल्याचा फेर धरायला लावलास. “आता खिरापत ओळखा,” म्हणालीस, आणि केविननं खरंच पिझ्झा मागवला.

सीडी आली तेव्हा मी तुला म्हटलं, छापणाऱ्यानं तुझं नाव गाळलं. तू “असू दे रे” म्हणालीस, आणि पुढच्या रिहर्सलला आली नाहीस. तुझ्या जागी मी गायलो. लोक सिगारेट ओढायला बाहेर गेले. महिन्याभरात सगळं संपलं. माझ्या व्हिसामुळे बँड मोडला, असं मी आजवर सांगत आलो.

उमा, छापणाऱ्यानं काही गाळलं नव्हतं. तुझे बाबा तेव्हा स्थळं बघत होते. मुलगी अमेरिकेत रॉक बँडमध्ये गाते, हे कुणाच्या नजरेला पडलं तर? म्हणून मीच नाव काढायला लावलं, तुला न विचारता. बाबांनी मला स्थळ म्हणून पाहिलं असतं का, हेही मी तुला न विचारताच ठरवून टाकलं होतं.

डेलला हे सांगितलं.  तो म्हणाला, “चौथं नाव छापायचं की नाही ते मी तिलाच विचारणार, तू मध्ये पडू नकोस.” नावांची यादी महिनाअखेरीस जाते. तुमच्या सस्काटूनच्या वेळेनं रविवारी सकाळी दहाला तो तुला फोन करेल. हो म्हण, नाही म्हण. नाहीच उचललास, तर पुढच्या रविवारी तो पुन्हा करणार आहे.

फार उशिरा खरं बोलणारा, तुझाच
नंदन