तुमची लाल गाडी घरीच आहे

अहो,

पत्राच्या सुरुवातीला नाव घालतात, पण तुमचं नाव मी जन्मात घेतलं ते लग्नातल्या उखाण्यात, आणि तेही घाईघाईत. आता तुम्ही नाही म्हणून का नावानं हाक मारू? 'अहो' म्हटलं की पेपरातून मान वर यायची तुमची. तेवढ्यावरच हे पत्र चालवून घ्या.

आज लिहायला बसले, कारण सकाळी शिरूरचा भंगारवाला आला आणि चहा पिऊन रिकाम्या हातानं परत गेला. गाडी घरीच आहे. म्हशीच्या शेजारी, गोठ्यात. माझा जीव कसा भांड्यात पडलाय म्हणून सांगू! वर्षभर छातीवर पाटा ठेवल्यासारखं होत होतं. तो आज तुमच्या आईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, स्वतःच्या हातानं उचलला. हे तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं?

पण आधी तुमच्याशी थोडं भांडू द्या.

दौंडच्या रेल्वेच्या लोको शेडमधले तुमच्यासारखे सगळे फिटर पगार साठवून सायकल घेत होते, फार तर रेडिओ. तुम्ही काय आणलंत? बुटकी, लाल, उघड्या टपाची विलायती गाडी, तीही दोनच सीटांची! रेल्वेचं इंजिन चालवणारे अँग्लो-इंडियन ड्रायव्हर साहेब लेकीकडं ऑस्ट्रेलियाला निघाले आणि त्यांच्या गाडीला दौंडात गिऱ्हाईक मिळेना. मिळणार कसं? तिच्यात ना उसाची मोळी मावते ना चार माणसं. वर्षानुवर्षं तिचं इंजिन तुम्हीच उघडत होतात, म्हणून साहेबांनी एका बैलजोडीच्या किमतीत ती तुमच्या गळ्यात बांधली. तुम्ही मात्र गळ्यात हार पडल्यासारखे घरी आलात.

रेल्वे कॉलनीतल्या बायका मला काय काय बोलल्या, ते तेव्हा सांगितलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात पाळणा हलला नाही, आणि नवऱ्यानं गाडी आणली ती दोघांपुरती. "तिसऱ्याची वाट बघायची न्हाई असं ठरीवलंच का ग?" असं एकीनं नळावर विचारलं. मी हसून घागर उचलली. घरी आले तर तुम्ही गाडीच्या खाली, नुसते पाय बाहेर, आणि खालून विचारताय, "बसतीस का? पाटसपर्यंत जाऊन येऊ." राग धरावा तरी कुणावर? गेलेच मी.

आणि खरं सांगू? बसले आणि मलाही वेड लागलं. पाटसच्या सरळ रस्त्याला तुम्ही वेग वाढवायचात. पदर मुठीत धरून मी ओरडायची की हळू चालवा, आणि मनात म्हणायची, अजून थोडं. हे तुम्हाला कळत होतं ना? कळतच असणार. नाहीतर मला गिअर टाकायला कशाला शिकवलं असतंत! क्लच तुम्ही दाबायचा, तोंडानं "आता" म्हणायचं, आणि शेजारी बसून मी दांडा सरकवायचा. पहिला पुढं, दुसरा मागं, तिसरा परत पुढं. चौथा टाकताना माझा हात थरथरायचा, मग तुमचा हात माझ्या हातावर यायचा. चारचौघांत नवऱ्याच्या हाताला हात लावायची सोय नव्हती तेव्हा. गिअरच्या निमित्तानं ती झाली.

पुढं कालव्याच्या कच्च्या रस्त्यावर तुम्ही मला पूर्ण गाडी शिकवलीत. एकदा बाभळीत घातली, तेव्हा तुम्ही गाडीला आधी विचारलंत, तुला लागलं का, आणि मग मला. हे मी विसरलेले नाही.

माहेरी तळेगावला आपण न्हावऱ्याच्या रस्त्यानं पहिल्यांदा गेलो, तेव्हा माझ्या केसांचं घरटं झालं होतं आणि डोळ्यांत वाटेवरची सगळी धूळ. आमचे आप्पा आठवडी बाजार टाकून धावत आले आणि गाडीभोवती फेरी मारून म्हणाले, जावईबापू, हिला अर्धीच बनवून सोडली का? तुम्ही इतके हसलात की चहा सांडला.

आणि शिरूरची ती वरात! माझ्या चुलतबहिणीच्या नवऱ्याला याच गाडीतून मिरवायचं होतं. नवरा बसला, नवरी बसली, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं, चालवणारा बसणार कुठं? दुसरा कुणी असता तर गाडी घेऊन घरी आला असता. तुम्ही इंजिन बंद केलंत, बाहेरून एका हातानं स्टिअरिंग धरलंत आणि चार जणांना मागून ढकलायला लावलंत. पुढं बँड, मध्ये ती वाऱ्यासारखी पळणारी गाडी बैलाच्या चालीनं, आणि शेजारी घामानं भिजलेले तुम्ही. मारुतीच्या देवळाशी कुणीतरी म्हणालं, इंजिन बिघडलं वाटतं. तुमचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता!

आता मूळ गोष्टीवर येते.

गाडी पहिल्यांदा आपल्या गावी, खुटबावला, आणलीत तो दिवस आठवा. आत्याबाई ताट घेऊन दारात उभ्या होत्या. गावानं झेंडूच्या माळांनी गाडीचं तोंड असं गच्च भरलं की लोखंड दिसेना. वारं आत जायची जाळी बंद झाली, वेशीपर्यंत जाते तोच पुढून वाफ निघाली, आणि लोक म्हणाले, देव अंगात आला. तुम्ही माळा ओरबाडून काढल्यात, पाणी घातलंत आणि परत आत जाऊन बसलात. पाय लांब पुढं, पाठ मागं टेकलेली, जमिनीपासून वीतभर उंचीवर. ते बघून आत्याबाईंच्या तोंडून निघून गेलं, "आरं, ह्यात मानूस बसतंय का निजतंय? पाय म्होरं करून! तिरडीच की ही."

तुम्हीच आतून म्हणालात, "आई, तिरडीला चौघं लागत्यात. हिला मी एकटा बास हाय." मग सगळे हसले. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत, हे मला तेव्हा दिसलं नाही.

आणि मग तो दिवस. तुम्ही शेडमधून घरी आलाच नाहीत. छातीत कळ आली तेव्हा पाना हातात होता म्हणे. मी रेल्वेच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, दुखणं जुनं आहे, अंगावर काढलेलं आहे. अहो, इंजिनात जरा टक्क झालं तरी तासभर कान लावून बसणारा माणूस तुम्ही. स्वतःच्या छातीला एकदा कान लावला असता तर काय बिघडलं असतं? मला तरी लावू द्यायचा होता.

क्वार्टर सोडून मी खुटबावला आले. तुमच्या शेडमधल्या सोबत्यांनी गाडी आणून गोठ्यात लावली आणि वर ताडपत्री टाकली. गाव म्हणालं, गाडी लाभली नाही. आत्याबाई काहीच म्हणाल्या नाहीत. गोठ्यात जायचंच त्यांनी सोडलं. शेणघाण मी काढायची, धारही मीच. माझ्याशी बोलणं कामापुरतं. मला वाटलं, त्या गाडीत मीच शेजारी बसायची, तेव्हा गाडीबरोबर मीही त्यांच्या मनातून उतरले. रोज एका चुलीपाशी बसायचं आणि रोज असं वाटायचं, हे काय जगणं झालं का?

तरी तुम्ही सांगितलेलं पाळलं हो. इंजिन अधूनमधून फिरवलं नाही तर आखडतं, म्हणायचात. आत्याबाई बाजाराला गेल्या की मी पुढून हँडल घालून फिरवायची. चालू नाही करायची, नुसती फिरवायची. तेवढाच तुमच्या असण्याचा आवाज.

पण वर्षश्राद्ध झालं आणि मी ठरवलं, गाडी काढून टाकायची. मला नको होती असं नाही. आत्याबाईंच्या डोळ्यांसमोरून ती गेली तर त्यांचं मन जरा हलकं होईल, माझ्याशी दोन शब्द बोलतील, एवढाच हिशोब. शिरूरच्या भंगारवाल्याला निरोप धाडला. दसऱ्याला कुणी घरातलं लोखंड बाहेर देत नाही, म्हणून तो दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला.

खंडेनवमीला आत्याबाईंनी नांगर पुजला, कोयते, खुरपी, कुऱ्हाड, सगळ्यांना हळदकुंकू लावलं. ताट घेऊन गोठ्याच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथंच थांबल्या. पाऊल काही उचलेना. मी मागून गेले तर ताट तसंच हातात. मी ते हातातून घेतलं.

"त्या दिशी माझ्या तोंडून वंगाळ निघालं, सुमन," त्या म्हणाल्या. "म्या तिरडी म्हणाले आन् माझं लेकरू गेलं. आईचा सबुद लागतो म्हन्त्यात. ह्या गाडीकडं बगितलं की मला माझंच बोलणं ऐकू येतं."

म्हणजे वर्षभर त्या माझ्यावर रुसल्या नव्हत्या! स्वतःलाच खात होत्या, आणि मी शेजारी बसून भलतंच समजत होते. रडू आलं आणि त्याच वेळी एवढं सुटल्यासारखं वाटलं की मी दारातच खाली बसले.

आता सांगा, अशा वेळी तुमचा शब्द मोडायचा नाही तर कधी मोडायचा? 'आईला सांगू नको, मनाला लावून घेईल,' असं तुम्ही बजावलं होतंत. मी सांगून टाकलं. म्हटलं, "आत्याबाई, क्वार्टरवर तिला समदी तिरडीच म्हनायची. ह्यांनीच ठिवलं हुतं नाव. सुट्टीच्या दिवशी म्हनायचे, चल, तिरडी काढतो, पाटसला जाऊन येऊ. शेडमधली मानसंबी इचारायची, फिटर, आज तिरडी कुठं? तवा हे सांगायचे, आमच्या आईनं बारसं केलंय हिचं."

त्यांनी माझं मनगट धरलं.

"हसून म्हनायचा का?" त्यांनी विचारलं.

"हसून."

"खरं सांग. माझं मन राखाया सांगू नगंस."

मी तुमची शपथ घेतली. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं, दुखणं गाडीच्या आधीपासूनचं होतं म्हणून. पण ते त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. 'आईनं बारसं केलंय' एवढंच त्या दोन-तीनदा पुटपुटल्या. मग पदरानं तोंड दाबून हसल्या, हसता हसता रडल्या, आणि रडून झाल्यावर ताट परत मागितलं. ताडपत्री मी ओढली. गाडीला कुंकू लावून माळ घालायला गेल्या आणि मध्येच हात थांबवला. "म्होरनं नगं. तवा जाळी बंद झाली हुती," म्हणाल्या आणि माळ मागच्या बाजूला बांधली. एकदा झालेली चूक तुमच्या आई पुन्हा करत नाहीत, तुम्ही नेहमी सांगायचात ते खरं आहे.

दसऱ्याच्या सकाळी शेजारच्यांच्या ट्रॅक्टरची बॅटरी उसनी आणली, तुमच्या डब्यातलं उरलेलं पेट्रोल घातलं. गाडी खोकली, धूर सोडला, आणि चालू झाली की हो! म्हैस दावं तोडायला निघाली. मी आत्याबाईंना म्हटलं, बसा. मला वाटलं नको म्हणतील. त्यांनी लुगडं सावरलं, आधी पाय आत घालायचा की डोकं, याचा घोळ घातला, आणि शेवटी धपकन बसल्या. पाय पुढं लांब करून, अगदी तुमच्यासारख्या.

"हिचा कासरा कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

मी त्यांचा हात धरून गिअरच्या दांड्यावर ठेवला. सांगितलं की मी 'आता' म्हटलं की पुढं ढकलायचा. मी क्लच दाबला आणि "आता" म्हणाले. माझ्या तोंडून तुमचाच आवाज आल्यासारखं झालं. आत्याबाईंनी डोळे मिटून दांडा ढकलला आणि गाडी निघाली. दुसरा जरा करकरला. तिसऱ्याला त्या डोळे उघडून तयार होत्या, मी बोलायच्या आधीच त्यांचा हात हलायला लागला होता. वेशीतली माणसं उठून उभी राहिली. दोन विधवा बायका लाल गाडीत, त्यातही सासू-सुना! लोक काय म्हणतील ते म्हणोत. कालव्यापर्यंत जाऊन आलो.

आणि आज भंगारवाला आला. मी काही बोलायच्या आत आत्याबाई पुढं झाल्या. "तिरडी कुनी इकतं का, बाबा?" एवढंच म्हणाल्या. तो बिचारा आमच्या दोघींच्या तोंडाकडं बघत चहा प्यायला आणि मुकाट्यानं गेला. तुम्ही हवे होतात!

पेट्रोल परवडत नाही, ते तुम्ही असतानाही परवडत नव्हतं. महिन्यातून एकदा काढू. इंजिनातलं पाणी आधी बघेन. माझ्याकडं लायसन नाही, यावरून लगेच भुवया वर करू नका, तेही काढते. दिवाळीत आत्याबाईंना दौंडला नेणार आहे. त्यांना शेडमधल्या माणसांच्या तोंडून गाडीचं नाव ऐकायचं आहे.

चौथा गिअर आम्ही अजून टाकलेला नाही. आत्याबाईंनी काल विचारलं, "आजून एक हाय का?" मी म्हटलं, आहे. तो तुमचा आहे म्हणून राखून ठेवलाय. पण शब्द देते, दौंडला जाताना पाटसच्या सरळ रस्त्याला, जिथं तुम्ही माझ्या हातावर हात ठेवायचात तिथं, मी "आता" म्हणेन. आत्याबाईंचा हात थरथरला तर माझा हात त्यांच्या हातावर असेल.

तुमच्याच शेजारच्या सीटवरची,
सुमन