मृगातले तीन दिवस

आत्याबाई,

तुमच्या नातवाची बायको ओडिशाची आहे, असं तुम्हाला कोणी सांगितलं असतं तर तुम्ही त्याला वेड्यात काढलं असतं. पण काय करणार, शेती करणारा मुलगा म्हटलं की पाहुणे चहा पिऊन उठतात. शेवटी ओळखीतून हिचं जमलं. दोन दिवसांचा रेल्वेचा प्रवास करून आली, आणि वर्षभरात काही म्हणजे काही मागितलं नाही. भाकरी थापायला शिकली, चतुर्थीला ओझरला आली, आमच्यासारखं बोलायला लागली. गाव म्हणालं, लई गुणाची. इथं आली तर इथलीच झाली पाहिजे, असं मीही म्हणत होते. पण मनात धाकधूक होती. वरच्या आळीतली अशीच आणलेली सून एक दिवस न सांगता माहेरी निघून गेली. तीही गुणाचीच होती.

मग मृग लागला. वाफसा आला, रान पेरणीजोगं झालं, ट्रॅक्टरवाल्याला सांगून झालं, आणि ही माझ्यासमोर येऊन उभी राहिली. थोडं मराठी, थोडं हिंदी करत सांगायला लागली. त्यांच्याकडे या दिवसांत धरतीला पाळी येते. तीन दिवस नांगर लावायचा नाही, पेरायचं नाही. बायकांनीही कामाला हात लावायचा नाही. नवी साडी नेसायची, विडा खायचा आणि झोके घ्यायचे. मुलाने कपाळाला हात लावला. वाफसा गेला तर परत येतो का, म्हणाला.

मला आपली पेरणी आठवली. मी तुमची नवी सून होते, बाजूला बसलेली. भुईमुगाच्या बियाण्यात कोंबडी शिरली म्हणून धावत जाऊन पाटी उचलली. तुम्ही सगळ्या बायांदेखत ओरडता, "बी नासवलंस की गं!" मी गोठ्यामागे जाऊन रडते. आणि संध्याकाळी तुम्हीच लांबून ताटली सरकवता, गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा. "खा. तेवढीच पाठ टेकंल," म्हणता. तुमचं मला कधी कळलंच नाही. शिवायचं नाही म्हणून हाकलायचं, आणि निजायलाही तुम्हीच सांगायचं.

दिवस तेच, पाळी तीच. आम्ही गोठ्यामागे आणि तिकडं धरतीचा सण! मला राग आला, आत्याबाई. तुमचा एकटीचा नाही, सगळ्यांचाच.

मुलाला म्हणाले, कालव्याकडचं रान पेरून घे, घरामागचा तुकडा राहू दे. तो म्हणाला, लोक हसतील.

"हसू दे. ती वरीसभर आपलं समदं करती. तीन दिस आपण तिचं करू."

तो तणतणत गाडीला किक मारून गेला आणि ओतूरहून दोरखंड, साडी आणि विडे घेऊन आला. आंब्याला झोका टांगला. शेजारीण चेष्टा करायला आली, सुनेला देव्हाऱ्यात बसवली का म्हणाली. दुसऱ्या दिवशी गुडघे दुखतात म्हणत तीच झोक्यावर बसली, आणि तिसऱ्या दिवशी तिच्या सुना उतरायला तयार नाहीत. मीही बसले. विड्याने तोंड लाल, आणि चुलीकडं कोण बघतंय? मुलाने तीन दिवस पिठलं केलं, तेही खारट. सून तिच्या आईला फोनवर झाड दाखवते, घर दाखवते, मला दाखवते. त्यांची भाषा मला कळत नाही, पण एवढं मोठ्यानं हसताना मी तिला पहिल्यांदाच बघत होते.

चौथ्या दिवशी तिने आपल्या वाटणाच्या पाट्यालाच धरती मानून हळद लावून न्हाऊ घातलं, फूल वाहिलं, आणि मग तो तुकडा पेरला. तिथलं सोयाबीन बाकीच्यापेक्षा बोटभर मागं आहे. येईल मागून.

झोका सोडताना ती दोर गुंडाळत म्हणाली, "आई, फुडच्या वर्षी दोन झोके लागतील."

फुडच्या वर्षी, म्हणाली. मी घरात गेले आणि पदरानं डोळे पुसले.

हे तुम्हाला धाडायला ठिकाण नाही. पण असतं तरी धाडलं नसतं. या वयातही, आत्याबाई, मला तुमची भीती वाटते.